लातूरच्या अंगणात जपानी हंडी

या जानेवारीत, म्हणजे 2025 च्या संक्रांतीआधीच्या शनिवारी, आम्ही नांदेडहून लातूरला निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत कपड्यांच्या बॅगेशेजारी एक इंडक्शन शेगडी, मशरूमची चार पाकिटं आणि सोया सॉसची एक बाटली होती. लातूरला आमचे अब्बा राहतात, भाईजान आणि भाभींजवळ. आम्ही दोघं नोकरीमुळे नांदेडला. महिना-दीड महिन्यातून एक चक्कर होते. दर वेळी नांदेडहून काहीतरी खायचं न्यावंसं वाटतं, आणि दर वेळी ते अब्बांना चालेल का, असा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ हेच असतं. या वेळी आम्ही उलट बाजूने विचार केला होता. अब्बांना जे चालतं, तेच सगळ्यांनी खायचं.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तेल, मीठ, तिखट कमी करायला सांगितलं. दात त्याआधीच गेले होते. कवळी आहे, पण ती टोचते म्हणून डबीतच असते. भाभी त्यांचं सगळं मनापासून करतात. मऊ खिचडी, दुधी, मुगाचं वरण, कधी चिकनचा फिका शोरबा. सात वाजता ताट त्यांच्या खोलीत जातं. सुरुवातीला ते आपलं ताट घेऊन दस्तरख्वानावर येऊन बसायचे. मग एक दिवस म्हणाले, “मेरा खाना उधरिच भेज दो. तुमारे सालन की बू आती, दिल ललचाता.” ज्या माणसाने बिस्मिल्लाह म्हटल्याशिवाय आमच्या घरात कुणी घास उचलत नव्हतं, तो दोन वर्षं एकटा जेवत होता. यात कुणाचाच दोष नव्हता, त्यामुळे कुणाला काही बोलताही येत नव्हतं.

वाट दाखवली ती अब्बांच्याच नातवाने. भाईजानचा मोठा मुलगा जपानमध्ये कोबे या बंदराच्या शहरात नोकरीला आहे. तिथे जुम्म्याला तो ज्या मशिदीत जातो ती जपानमधली पहिली मशीद. 1935 साली ती उभी राहिली, आणि तिच्यासाठी पैसा देणाऱ्यांत व्यापारासाठी तिकडे गेलेले हिंदुस्थानी मुसलमानही होते. 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं शहर जळालं, मशीद टिकली. 1995 च्या मोठ्या भूकंपातही टिकली. जवळपास हलाल मांसाची दुकानं आहेत. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एका जपानी कुटुंबाने त्याला जेवायला बोलावलं. तो संकोचला, तर ते म्हणाले, तू तुझ्या दुकानातून कोंबडी घेऊन ये, आम्ही ती नुसत्या पाण्यात शिजवू, दुसरं काही घालणार नाही. त्या रात्री त्याने जे खाल्लं ते फोनवर इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी आम्ही म्हटलं, बाबा, रीतच सांग.

जपानी भाषेत ‘नाबे’ म्हणजे पातेलं, आणि त्या पातेल्यात जेवणाच्या जागीच शिजणाऱ्या पदार्थालाही नाबेच म्हणतात. आपण नाही का, हंडीत शिजलं की पदार्थालाच हंडी म्हणतो, तसंच. थंडीच्या दिवसांत तिकडे घरोघरी हे होतं. मध्ये छोटी शेगडी, तिच्यावर मातीचं जाड पातेलं, भोवती घरची माणसं. पातेल्यात नुसतं फिकं पाणी किंवा रस्सा. त्यात मांस, भाज्या, टोफू थोडं थोडं सोडायचं, शिजलं की आपापल्या वाटीत घ्यायचं आणि वाटीतल्या चटणीशी खायचं. प्रकार पुष्कळ आहेत. सुकियाकी गोडसर असतो. शाबू-शाबूमध्ये मांसाचा कागदासारखा पातळ काप उकळत्या रश्श्यात क्षणभर हलवतात. त्या हलवण्याच्या आवाजावरून ओसाकाच्या एका हॉटेलने 1950 च्या दशकात ते नाव दिलं. सुमो पैलवानांचा चांको वेगळा. आमच्या कामाचा निघाला तो फुकुओकाकडचा मिझुताकी. ‘मिझु’ म्हणजे पाणी. हाडासकट कोंबडी पाण्यात मंद शिजवायची. मसाला नाही, तेल नाही, पातेल्यात मीठसुद्धा नाही. चव ज्याने त्याने आपल्या वाटीत आणायची.

आमच्या मनात भरली ती हीच गोष्ट. आपल्याकडे चव पातेल्यात ठरते. एकदा भाभींच्या हातचा काळा मसाला सालनात पडला, की ते सालन अब्बांचं राहत नाही. नाबेत पातेलं सगळ्यांचं आणि तिखट-मीठ ज्याचं त्याचं.

अर्थात नांदेडला पहिल्या वेळी आम्ही हे बिघडवलंच. कोंबडी, कोबी, गाजर, पालक सगळं एकदम टाकलं आणि झाकण ठेवलं. पाऊण तासाने पालक काळा, कोबीचा लगदा. घाबरून त्यात आलं-लसूण आणि गरम मसाला घातला, मग तो आपला रोजचा शोरबा झाला, तोही वाईट. मुलांनी मॅगी मागितली. पुतण्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. “चाची, एकदम नै. उसकू बैठ के पकाना.” म्हणजे स्वयंपाक आधी आणि जेवण नंतर, असं त्यात नाहीच. जेवता जेवता शिजवायचं, शिजेपर्यंत बोलत बसायचं. नोकरी करणाऱ्या घरात हे ऐकायला फार बरं वाटतं.

हलालचा प्रश्न आधीच स्पष्ट केलेला बरा, कारण इंटरनेटवर पाहून करायला गेलात तर निम्म्या रेसिपी आपल्या उपयोगाच्या नाहीत. त्यात साके असते, ती तांदळाची दारू. मिरिन नावाचं गोड पाणीही खरं तर दारूच. अस्सल मिरिनमध्ये 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. उकळल्यावर उडून जातं असं लोक सांगतात, पण ती वाट आपली नाही. मिरिनने जे गोडसर होतं ते चिमूटभर साखरेने होतं. रश्श्याची तयार पाकिटं येतात त्यांत पुष्कळदा डुकराच्या मांसाचा अर्क असतो. पुतण्याने त्या शब्दाचं जपानी चित्राक्षर पाठ केलंय, दुकानात आधी तेच शोधतो. सोया सॉसचं जरा बारीक आहे. अस्सल सोया सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून करतात, त्या आंबण्यात थोडं अल्कोहोल आपोआप तयार होतं. काही कंपन्या तो टिकावा म्हणून वरून आणखी घालतात, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. वरून घातलेली बाटली आम्ही घेत नाही. हलाल शिक्क्याचा सॉस आता मिळतो. ज्यांच्या मनात तरीही शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं, किंवा सॉस सोडूनच द्यावा. लिंबू, मीठ आणि तिळाच्या कुटावरही हे जेवण छान होतं. आमच्या मुलीला तर तेच जास्त आवडतं.

नांदेड ते लातूर रस्ता साधारण 140 किलोमीटरचा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जायचं. जानेवारीत दोन्ही बाजूंना हरभरा आणि ज्वारी. पण याच रानांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाहाल तर जिकडे तिकडे सोयाबीन. आम्ही शाळेत होतो तेव्हा या भागात खरिपाची ज्वारी, मूग, उडीद, कापूस असायचा. आता खरीप म्हणजे सोयाबीन, आणि लातूरचा बाजार म्हणजे सोयाबीनचा भाव. टीव्हीवर भाव सांगतात तो बहुतेक वेळा लातूरचाच.

हे सांगायचं कारण असं की नांदेडला आम्ही आठवडाभर टोफू शोधत होतो. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. नाबेत ते हवंच, आणि दात नसलेल्या माणसाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. इतवाऱ्यातल्या दुकानदारांनी पनीर पुढे केलं. एका मोठ्या दुकानात पाकीट मिळालं, तर त्यावरची तारीख उलटून गेलेली. लातूरला पोचलो आणि भाईजानच्या ओसरीवर पाहतो तर सोयाबीनची पोती एकावर एक रचलेली. हमीभाव 4,892 रुपये क्विंटलला, बाजारात चार-सव्वाचार हजारांच्या आसपास, म्हणून त्यांनी माल थांबवून ठेवला होता. खरेदी केंद्रावर नंबर लागण्याची वाट पाहत होते. आम्ही टोफूची कहाणी सांगितली तेव्हा भाईजान पोत्यावर हात ठेवून म्हणाले, “ये लो. जित्ता होना उत्ता लो. इसका भाव तो कोई पूछता नै, खाके तो देखेंगे.”

आणि खरंच, इतकी वर्षं घरात सोयाबीन पिकतंय, ते आम्ही कधी खाल्लं? तेल गिरणीतून पिशवीत भरून येतं, पेंड कोंबड्यांना जाते. सोयाच्या वड्या कधीतरी बाजारातून आणतो. शेंगा उकडून मीठ लावून जपानी लोक खातात हे पुतण्याने सांगितलं तेव्हा भाभींना ते खोटं वाटलं होतं. सोयाबीनमध्ये जवळजवळ 40 टक्के प्रथिनं असतात, हे आम्ही फळ्यावर लिहून मुलांना शिकवतो, डब्यात मात्र ते कुणाच्याच नसतं.

शनिवारी रात्री अर्धा किलो सोयाबीन निवडून, तीन पाण्यांनी धुऊन भिजत घातलं. शेतकऱ्यांच्या घरांसाठी एक सूचना इथे द्यावीच लागेल. पेरणीच्या पिशवीतलं उरलेलं बियाणं चुकूनही वापरू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, आणि धुऊन ते जात नाही. खाण्याला पिकाच्या पोत्यातलंच घ्यायचं.

रविवारी सकाळी बारा तासांनी दाणे फुगून दुप्पट झाले. सालं चोळून काढली आणि कडकडीत गरम पाणी घालून मिक्सरमध्ये वाटलं. गरम पाण्याने सोयाबीनचा तो कच्चट वास कमी होतो. मग मलमलच्या दुपट्ट्यातून पिळून दूध काढलं. हे दूध पुरतं उकळावं लागतं, कारण कच्चं सोयाबीन पचत नाही, पोट बिघडवतं. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं, आणि सतत ढवळत, कारण ते गाईच्या दुधापेक्षा लवकर उतू जातं. आमचं गेलंच एकदा. भाभींचा ओटा त्यांनाच पुसावा लागला. जपानी लोक समुद्राच्या मिठातून निघणाऱ्या क्षाराने ते फाडतात, आम्ही लिंबाचा रस पाण्यात मिसळून चमच्या-चमच्याने घातला. पनीरसारखंच फाटलं. कापडात बांधून वर खलबत्ता ठेवला. तासाभराने पाऊण किलोच्या आसपास पांढरी, मऊ वडी मिळाली. राहिलेला चोथा भाभींनी टाकू दिला नाही. कांदा, मिरची आणि ज्वारीचं पीठ घालून त्याची थालीपीठं केली, ती दुपारी तव्यावरच संपली.

दुपारी गंजगोलाईत चक्कर मारली. ज्यांनी लातूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, गंजगोलाई म्हणजे मध्ये एक मोठी गोल इमारत आणि तिला चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते, प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार. 1917 च्या निजामी काळातली ही मांडणी, आणि ती करणाऱ्या नगररचनाकाराचं नाव फैयाजुद्दीन. संक्रांतीमुळे तीळ आणि गुळाचे ढीग लागले होते. आम्ही अर्धा किलो पांढरे तीळ घेतले, मोसंबी घेतली, लिंबं घेतली आणि दोन किलो कोळसा. कोळसा का, तेही सांगतो.

घरात अम्मींची एक तांब्याची देगची आहे, रुंद तोंडाची, आतून कलई केलेली. अम्मींना जाऊन सहा वर्षं झाली. भाभी दर वर्षी तिला कलई करून घेतात, पण वापरात ती ईदलाच येते. आमच्या मनात आलं, नाबे तिच्यातच करू. शनिवारी रात्री करून पाहिलं. इंडक्शन शेगडीवर देगची ठेवली, शेगडी टीं टीं करून बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. शेवटी मुलगा म्हणाला, “चुंबक चिकटतो का बघा.” चिकटला नाही. इंडक्शनला चुंबक धरणारं भांडं लागतं; तांबं, पितळ, ॲल्युमिनियम तिला कळतच नाही. विज्ञानाचा तास घेणाऱ्यांना सहावीच्या पोराने शिकवलं. 140 किलोमीटर आणलेली शेगडी कपाटावर गेली आणि माडीवरून जुनी लोखंडी सिगडी खाली आली. सिगडी म्हणजे अंगण. बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही, त्याचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच नेतो. तर जेवण अंगणात ठरलं.

दीड किलो कोंबडी हाडासकट मोठे तुकडे करून आणली होती. तुकड्यांवर आधी उकळतं पाणी ओतून ते धुऊन घेतले, त्याने वरचा मळकट फेस पुष्कळ कमी होतो. मग देगचीत चार लिटर पाणी, तुकडे आणि आल्याचा एक ठेचलेला खडा. मगरिबनंतर सिगडीवर चढवलं. तासाभरात पाणी दुधट पांढरं झालं आणि वास असा सुटला की शेजारच्या खालाजान भिंतीवरून विचारून गेल्या. भाभी मात्र देगचीकडे पाहत उभ्या होत्या. “मसालाच नै तो पकाना कायकू?” त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न रास्त होता.

चटण्या तीन. पहिली जपानी लोकांच्या पोंझूसारखी: अर्धी वाटी सोया सॉस, तेवढाच मोसंबीचा रस, दोन लिंबं, चिमूटभर साखर. तिकडे युझू नावाचं आंबट फळ वापरतात. आपल्या मोसंबी-लिंबाने काम भागतं. दुसरी तिळाची: तीळ खमंग भाजून बारीक वाटायचे, थोडा सॉस, थोडा सिरका आणि देगचीतलाच पळीभर रस्सा. तिसरी भाभींची, काळा मसाला आणि लसणाची, तेलावर परतलेली. शिवाय किसलेला मुळा. हा जपानी रिवाजच आहे आणि मांसाच्या जेवणात तो फार छान लागतो. अब्बांच्या वाटीसाठी सॉस बाजूलाच ठेवला. सोया सॉसच्या एका छोट्या चमच्यात जवळजवळ एक ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच राहायला सांगते. घरात दिलाचे किंवा बीपीचे पेशंट असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं, ‘जपानी म्हणजे आरोग्याचं’ असं धरून चालू नये. अब्बांसाठी मोसंबी, लिंबू, तीळ आणि मुळा.

इशानंतर अंगणात दस्तरख्वान टाकला. मध्ये विटांवर सिगडी, भोवती आम्ही नऊ जण. अब्बांना बोलवायला त्यांची नात गेली. ते शाल घेऊन आले, सवयीने लांब खुर्चीवर बसले आणि देगचीत डोकावून म्हणाले, “ये तो मेराच खाना है. बीमारां का खाना तुम सब क्यूं खारे?” भाईजान म्हणाले, “आज सब का येइच है अब्बा.” थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग खुर्चीवरून उठून, गुडघ्यावर हात ठेवत दस्तरख्वानावर आले. आम्ही मधली जागा करून दिली. बिस्मिल्लाह त्यांनीच म्हटलं.

मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. आमच्याकडे आठ, तर कोबेत रात्रीचे साडेअकरा. सोमवारी तिकडे सुट्टी होती म्हणून पुतण्या जागा होता. तो तिथून हुकूम सोडत होता. आधी गाजर, मुळा आणि कोबीचे जाड देठ. मग मशरूम. मग टोफू, हलक्या हाताने, ढवळायचं नाही. पालक आणि कांद्याची पात अगदी शेवटी, रंग चमकला की बाहेर. शिजलेलं संपत आलं की पुन्हा पहिल्यापासून. वाढायला एकच पळी, आणि कुणी आपला खाल्लेला चमचा देगचीत बुडवायचा नाही. जपानीही यासाठी वेगळ्या काड्या ठेवतात. पातेल्यावर असा हुकूम गाजवणाऱ्याला त्यांच्याकडे थट्टेने ‘नाबे-बुग्यो’ म्हणतात, म्हणजे हंडीचा ठाणेदार. हे ऐकल्यावर पळी भाभींच्या हातात गेली आणि रात्रभर त्यांनी ती कुणाला दिली नाही. काळा मसाला वाटीत घेऊन एक तुकडा खाल्ल्यावर त्यांची तक्रारही संपली.

मुलांचं म्हणाल तर थोरल्याने पहिली वाटी तोंड वाकडं करून संपवली. नंतर त्यांच्यात चटण्या मिसळायची शर्यत लागली, तिळाची आणि काळी मिळून जी झाली ती सगळ्यांनी उचलली. टोफू मात्र मुलांनी शिवला नाही. तो अब्बांनी खाल्ला. तोंडात धरला, कवळीशिवायच, आणि विचारलं हे काय. भाईजान म्हणाले, आपलं सोयाबीन. अब्बांनी वाटीतला दुसरा तुकडा वर उचलून कंदिलासमोर धरला, जणू त्यात पेरणी दिसेल. “इत्ते साल बेचते रहे,” एवढंच म्हणाले.

जेवण दीड तास चाललं. आमच्या घरात एरवी वीस मिनिटांत दस्तरख्वान उचलतो. पण इथे पालकाची वाट पाहायची, कोळशाला फुंकर घालायची, मग बोलणं निघतंच. पुतण्या म्हणाला, येत्या 17 तारखेला कोबेच्या भूकंपाला तीस वर्षं होतात, पहाटे पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी लोक बागेत दिवे लावून उभे राहतात. सहा हजारांवर माणसं गेली होती. तेव्हा मैदानांत मोठमोठी पातेली चढवून लोकांनी लोकांना गरम जेवण वाढलं, त्याला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, ताकिदाशी.

अब्बांनी मान हलवली. मग ते 30 सप्टेंबर 1993 चं बोलायला लागले. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आम्ही शाळकरी होतो, लातूरच्या घराची भिंत तडकली, सगळे रस्त्यावर आलो, एवढंच आम्हाला आठवतं. किल्लारी-सास्तूरकडे काय झालं ते उजाडल्यावर कळायला लागलं. त्या दिवशी मोहल्ल्याने मशिदीच्या अंगणातल्या लग्नाच्या देगा बाहेर काढल्या, आणि अब्बा त्या घेऊन टेम्पोत बसून औशाच्या बाजूने गेले, हे आम्ही ऐकून होतो. पण त्या रात्री ते पहिल्यांदा नीट सांगत होते. पाऊस लागलेला, लाकडं ओली, पेटता पेटत नव्हती. खिचडीत काय घालायचं म्हणून विचारलं, तर मसालाच नव्हता. डाळ, तांदूळ, मीठ, हळद. चार दिवस तेच. “पानी जैसी खिचड़ी थी,” ते म्हणाले. “हिंदू-मुसलमान सब एक देग से खाए. किसीने ये नै पूछा के मिर्ची कां है.” फोनमधून नातवाचा आवाज येईना, आम्हाला वाटलं लाइन तुटली. तो तिकडे गप्प बसून ऐकत होता.

देगची तळाला आली. आम्ही उठायला लागलो तर पुतण्याने थांबवलं. खरा मजा शेवटी, तो म्हणाला. नाबेचा उरलेला रस्सा कधी फेकत नाहीत. कोंबडीचं, भाज्यांचं सगळं सत्त्व आता त्यात उतरलेलं असतं. त्यात भात सोडायचा, चार उकळ्या द्यायच्या, वरून दोन अंडी फेटून ओतायची, झाकण ठेवायचं. याला ते झोसुई म्हणतात. आम्ही दुपारचा भात घातला. अंडं पुरतं शिजेपर्यंत झाकण ठेवलं. तिकडे अर्धकच्चं खातात, आपण तसं करू नये. वर कांद्याची पात.

झाकण काढलं तर आत अब्बांची रोजची खिचडी. तशीच पातळ, तशीच पिवळसर. मुलांनी वाट्या पुढे केल्या आणि दोन मिनिटांत देगची खरवडायचा आवाज यायला लागला. सगळ्यात धाकट्याने दुसरी वाटी मागितली तेव्हा पळीत काही नव्हतं. अब्बांनी आपल्या वाटीतला भात त्याच्या वाटीत ओतला आणि म्हणाले, “हमारे कू तो रोजिच मिलती.”

सोमवारी रजा टाकली होती, दुपारी परत निघालो. भाभींनी डिकीत पाच किलो सोयाबीन आणि तिळाचा उरलेला कूट ठेवला. त्या म्हणाल्या की रोज काही हे जमणार नाही, सिगडी पेटवायलाच तास जातो, घरात शाळा-कॉलेजची पोरं आहेत. ते खरंच आहे. रविवारी करू, म्हणाल्या. बाकीच्या दिवशी अब्बांचं ताट सातलाच लागतं. फक्त आता ते ओसरीवर पोत्यांशेजारी बसून जेवतात, कारण तिथून अंगणात कोण आलं, कोण गेलं ते दिसतं.

परवा त्यांचा फोन आला होता. रमजानच्या आधी एकदा येऊन जा, म्हणाले, आणि येताना नांदेडचा मुळा आणा, लातूरला मिळाला तो फार तिखट होता.